गोल्टी

मोतीरामच्या अंगठ्याला कांदा फसवू शकत नसे. साठवणीच्या चाळीतून काढलेला कांदा हातात आला की तो देठापाशी दाबून बघायचा, आणि जरा मऊ लागला की भिरकावून द्यायचा. पिंपळगावच्या बाजारात मात्र त्याची जीभ उलटी चाले. माल जितका हलका, तितका हा जोरात ओरडे, "एक नंबर हाय शेठ, एक नंबर!" त्याची लेक शुभांगी लहानपणापासून ट्रॉलीवर बसून हे ऐकत आली होती.

पोर हुशार, कामाला वाघ. पण तोंडावर कौतुक केलं की लेकरू शेफारतं, वर दृष्ट लागते ती वेगळीच, हे मोतीरामला त्याच्या बापानं शिकवलेलं. म्हणून तिनं रांगोळी काढली की याला वाकडी रेघ दिसे, भाकरी केली की करपलेला काठ. अंगानं लहानखुरी म्हणून तिला तो 'गोल्टी' म्हणे. गोल्टी म्हणजे मोठ्या मालातून वेगळा काढलेला बारका कांदा, मिळेल त्या भावानं जाणारा. म्हणे तो लाडानंच. पण तो लाड आहे हे त्या पोरीला कुणी सांगायचं?

दहावीला तिला ब्याऐंशी टक्के पडले. मोतीरामनं गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. "भूमितीच्या पेपरात झोपली होती का गं?" एवढंच बोलला. मग तीच गुणपत्रिका खिशात घालून हा शहाणा बाजारात गेला आणि चहाच्या टपरीवर ओळखीच्या, बिनओळखीच्या माणसांना दाखवत बसला. "पोरगी नाशिकला जाणार. सायन्सला!" सगळ्या गावाला ते कळलं, फक्त शुभांगीच्या कानावर घालायचं राहून गेलं.

शाळेतल्या आहेर बाईंनी तिला नाशिकच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला होता. मोतीराम चाळीच्या कामात बुडालेला. पोरगी शहाणी आहे, करेल सगळं, असं म्हणून त्यानं विचारलंसुद्धा नाही.

जुलैतल्या एका दुपारी आहेर बाई तणतणत चाळीपाशी आल्या. "मोतीराम, कॉलेजच्या यादीत शुभांगीचं नाव नाही. मुदतही संपली. मुलीला शिकवायचं नव्हतं, तर तसं सांगायचं होतं मला!"

मोतीराम बघतच राहिला. "मी कशाला अडवू, बाई?"

शुभांगी खाली बसून कांदे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "अण्णांनी नाय अडवलं. मीच नाय भरला फॉर्म."

"अगं, पण का?"

"माझी भूमिती कच्ची हाय. इंग्रजी कच्चं. चार माणसांत बोलायला उठले की त-त-प-प होतं. भाकरीसुद्धा धड जमत नाय." ती रडत नव्हती. शाळेत पाढे म्हणावेत तशी सांगत होती. "गोल्टीला भाडं घालून लांब कुणी पाठवतं का, बाई? अण्णाच सांगतात."

बाई आल्या तशा निघून गेल्या. मोतीराम पोत्यावर टेकला. यातलं एकही वाक्य पोरीचं नव्हतं. दहा वर्षं तो एकेक करून देत गेला होता, आणि तिनं एकही टाकून दिलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या हातून एक मोठा कांदा चुकून गोल्टीच्या ढिगात पडला. सवयीनं मोतीरामचं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तीच बोलली, अगदी त्याच्याच आवाजात. "डोळे फुटले का गं, शुभे?"

मोतीरामला ते सोसेना. तो पुढं सरकला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. चांगलं म्हणायचे शब्द त्याच्यापाशी दोनच होते, आणि तेही बाजारातले.

"शुभे, तू गोल्टी नाय. तू... एक नंबर हायेस. एक नंबर."

शुभांगीनं पहिल्यांदाच मान वर केली. बापाची तिला कीव आली. ती हलकंसं हसली.

"माझ्यापुढं कशाला, अण्णा? मी काय व्यापारी हाय?"

आणि पुढचा कांदा उचलून तिनं देठापाशी अंगठा दाबला.