डगची मराठी

डग बॅट घेऊन समोर उभा राहिला आणि परीक्षितला हसू आलं. पाच वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो प्राणी आज आपण होऊन पुढ्यात आला होता.

परीक्षित अमेरिकेतल्या नोव्हाय गावचा. वडील त्र्यंबकराव गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. सात वर्षांत नऊ गावं, नऊ संघ. मोठी लीग फक्त एकदाच हाताशी आली होती, २००२ साली. तेव्हा डग त्याचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून बॉल झेलणारा, होता. बॉल कुठे पडणार हे समोरच्यांना कळू नये म्हणून परीक्षितने त्याला दोन मराठी शब्द शिकवले होते, ‘आत’ म्हणजे बॅटवाल्याच्या अंगाजवळ आणि ‘बाहेर’ म्हणजे त्याच्यापासून लांब. पुढे डग दुसऱ्या संघात गेला आणि नव्या सोबत्यांना ते सांगून मोकळा झाला. परीक्षित बिचारा ओरडत राहिला, ते त्याला झोडपत राहिले. दुसऱ्या दिवशी संघाने त्याला नारळ दिला.

आता खांदा कामातून गेला होता, हा शेवटचा मोसम. आज नाही तर कधीच नाही.

“बाहेर!” परीक्षित ओरडला. त्याच्या आत्ताच्या कॅचरला मराठीचा गंध नव्हता. शब्द फक्त डगसाठी होता.

विसरला नव्हता लेकाचा! बाहेरचा बॉल गाठायला डग पुढे झुकला, आणि परीक्षितने उरलासुरला खांदा लावून बॉल आत, थेट त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. परीक्षितला बरं वाटलं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

“सॉरी, हातातून सुटला,” त्याने अंपायरला इंग्रजीत सांगितलं. अंपायरने मान डोलावली.

डाव संपल्यावर त्याने पहिल्या रांगेत पाहिलं. पाच तास गाडी चालवून आलेले त्र्यंबकराव जागेवर नव्हते. ते सापडले पाहुण्या संघाच्या बाकाशी. डगचा हात फळीला बांधला होता, हॉस्पिटलची गाडी यायची होती.

“बाबा, इथे काय करताय? चला ना.”

“बॉल सुटला म्हणालास.”

“सुटलाच. स्लिप झाला.”

“मला मराठी कळतं, परीक्षित.”

त्याचा चेहरा पडला. मग तो उसळला. “त्याने माझं करिअर संपवलं, बाबा! तुम्हीच शिव्या घालायचात ना त्याला?”

त्र्यंबकराव डगकडे वळले. डग खिळ्यांचे बूट काढून साधे घालत होता, पण एका हाताने नाडी काही जमत नव्हती. म्हातारा गुडघ्यावर हात टेकत खाली बसला आणि त्याची नाडी बांधू लागला.