हीलियम गेला कुठे

सर्जापूर रोडवरच्या जुन्या पेट्रोल पंपाखाली टाकी गळली होती. भूजल शुद्ध करायला आम्ही जमिनीत हवा सोडत होतो. तिच्याबरोबर वर येणारी पेट्रोलची वाफ दुसऱ्या नळ्या ओढून घेत. हवा नेमकी कुठे जाते ते कळावं म्हणून त्या संध्याकाळी तिच्यात हीलियम मिसळला. तो बिचारा निरुपद्रवी. पण तो जिथे सापडेल तिथे वाफही पोचलेली असू शकते.

आमच्या एकाही नळीत तो सापडेना.

"अक्का, एवढा गेला कुठे?" माझा सहकारी महांतेश म्हणाला.

मी शेजारच्या इमारतीकडे पाहिलं. तिथल्या तळघरात माझ्या बाबांचं कीर्तन चाललं होतं. भरलेली सभा, आणि तेवती समई.

महांतेशला हवा बंद करायला सांगून मी हीलियमचा मीटर घेऊन धावले. तळघरातल्या पहिल्याच खांबापाशी आकडा हलला. पुढे चढतच गेला. बाबा उत्तररंगात रंगले होते. एरवी अशा वेळी माझे डोळे आपोआप मिटतात. आज नजर आकड्यावरून हटेना. उदबत्तीच्या घमघमाटात पेट्रोलचा वास कुणाला येणार?

गंगव्वा मावशींनी आरतीसाठी काडेपेटी उघडली. मी त्यांचा हातच धरला.

"अय्यो, हे काय गं पोरी!"

"मावशी, नको. पाया पडते."

कीर्तनकाराला मध्येच कुणी थांबवत नाही. तरी मी बाबांच्या कानाशी लागले. "आमची हवा इथे शिरलीय. पेट्रोलची वाफ असेल. सगळ्यांना बाहेर काढा."

त्यांचा चेहरा उतरला, सूर मात्र हलला नाही. "मंडळी, आजचा नामगजर मोकळ्यावर! उठा, चपला शोधू नका!" फुलाने समई शांत करून त्यांनी उदबत्त्या पाण्यात बुडवल्या. कुणीतरी पंख्याच्या बटणाकडे वळलं. "बटणाला हात लावू नका, ठिणगी पडेल!" मी किंचाळले.

गुडघे धरत चढणाऱ्या गंगव्वा मावशींच्या मागून बाबा शेवटी बाहेर आले.

महांतेशने वाफेच्या मीटरची नळी झरोक्यातून आत सोडली. मीटर कर्कश ओरडू लागला. त्याने अग्निशमन दलाला फोन लावला.

"गौरी," बाबा पुटपुटले, "पलीकडच्या इमारतीच्या तळघरात वॉचमन शिवाप्पाचं बिऱ्हाड आहे. आता स्वयंपाकाची वेळ."

मी काही बोलायच्या आत धोतर सावरत ते धावत सुटले होते. सभेच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज रस्त्यावर घुमला, "शिवाप्पाऽ, बेंकी बेडा! विस्तव नको रे!"