हरल्याचा फोन

माझ्या कारखान्यात माझ्यापुढे ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. एकदा जेवणाच्या सुट्टीत मुकादमानं माझ्या पोराला बुद्धिबळात हरवलं. पोरगं रडत आलं. दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला घरी बसवलं. त्यानंतर कारखान्यात पोरगा कोणाकडूनच हरला नाही.

मोठेपणी त्याला हे कळलं, तेव्हा तो घर सोडून गेला. एवढ्या मोठ्या घरात मी एकटाच भिंतींवर खेकसत राहिलो.

काल, कित्येक वर्षांनी, त्याचा फोन आला. आनंद आवाजात मावत नव्हता.

"बाबा, आज मी हरलो! खरोखर हरलो!"

माझ्या पोराला हरवलं? माझं डोकंच फिरलं.

"कोणी रे? नाव सांग त्याचं."

त्यानं फोन ठेवला. नाव लिहून घ्यायला उचललेलं पेन माझ्या हातात तसंच राहिलं.