बोरिंगची बाटली

बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या त्या गल्लीत एकोणीस घरं होती. सात घरांत नर्मदेच्या पाण्याचा, पालिकेचा नळ, बारा घरांत नाही. हातपंप दोन, दोन्ही कोरडे. गिरणीच्या रंगाई खात्यातून निघालेली आणि आता फरशीखाली गेलेली एक नाली. आणि चालू बोरिंग एकच, प्रभावतीकाकूंच्या अंगणात.

परदेशीपुरा या वस्तीचा आम्ही काही जण नकाशा बनवत होतो; त्यावर हे सगळं यायचं होतं: गिरणीचं कुठलं खातं कुठे होतं, रंगाचं पाणी कुठून वाहायचं, आणि आज तिथल्या जमिनीखालचं पाणी कसं आहे. माहिती गल्लीतल्या लोकांनीच द्यायची, पाण्याचा नमुनाही त्यांनीच भरायचा, असं ठरलं होतं. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली, म्हणून बाटल्या देणं आणि लॅबमध्ये पोचवणं माझ्याकडे आलं.

काकूंचे यजमान आनंदराव रंगाई खात्यात होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी हे बोरिंग करवून घेतलं आणि पाइप भिंतीतून थेट गल्लीत काढला, म्हणजे पाण्यासाठी कुणाला दार वाजवावं लागू नये. ते गेले. बिननळाची बारा घरं अजून त्याच पाइपावर भरतात. रंग पक्का करायला गिरणीत क्रोमियम वापरत. ते विषारी, पाण्यात सापडलं असतं तर बोरिंगला कुलूप लागलं असतं. काकूंना भीती होती ती त्या कुलपाची.

रिपोर्ट आला, क्रोमियम नव्हतं. वस्तीतल्या बुद्धविहारात जमिनीवर पसरलेल्या नकाशावर काकूंनी स्वतः हिरवी, म्हणजे पिण्यालायक पाण्याची, टिकली चिकटवली. बँकेत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, बुद्धरत्नने, सगळ्यांना पोहे-जलेबी खाऊ घातली. बाबांचं पाणी आता सर्टिफाइड आहे, असं तो येईल त्या भिया-भावाला सांगत होता.

आकडे कॉम्प्युटरवर चढवताना मी थांबले. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, काकूंच्या बाटलीत २१४ होतं. मागच्या गल्लीतल्या दोन बोरिंगमध्ये ९८० आणि १०४०. खडक तोच, खोलीही जवळपास तीच. इतकं गोड पाणी त्या भागात फक्त नळाला येतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं, बाटली कुठून भरली होती? त्यांनी काहीच लपवलं नाही. साबणाने घासून, नर्मदेच्या नळाचं पाणी साठवलेल्या माठातून भरली होती.

"बाहेरच्या माणसाला बोरिंगचं पाणी देतात का, बेटा? तूच म्हणाली ना, लॅबमध्ये मोठे साहब लोक बघणार."

त्यांच्याकडे पाहुण्याला माठातलंच पाणी मिळतं. मीही तेच प्यायले होते. त्यांच्या नळाला नर्मदा दिवसाआड येते, म्हणून माठ पाहुण्यांसाठी राखलेला. घरचे सगळे बोरिंगचंच पितात, बुद्धरत्नची दोन वर्षांची मुलगी यशोधरासुद्धा.

बुद्धरत्नचं म्हणणं पडलं की रिपोर्ट आला, टिकली लागली, अब फिर से क्यों छेड़ना. त्याची बायको नंदिनी भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बँकेत दुसऱ्याच्या सहीवर चेक पास करता का हो तुम्ही?"

लाल निघालं तर काय होईल, ते काकूंनी विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं: बोरिंग बंद होईल, टँकर येईल, रोज येईल की नाही ते सांगता येत नाही.

काकूंनी पाइपावर हात ठेवला.

"यांनी सगळ्यांसाठी पाइप बाहेर काढला. आता तेच पाणी पिऊ नका म्हणून मीच सांगत फिरायचं?"

आतून यशोधरा पाणी मागत होती. नंदिनीने बोरिंगच्या कळशीकडे जाणारा हात मागे घेतला आणि माठाचं झाकण उघडलं. काकूंनी ते पाहिलं.

त्या उठल्या, मोटर चालू केली आणि मी सांगितलं तितका वेळ पाणी वाहू दिलं. मग नवी बाटली काठोकाठ भरून झाकण स्वतः आवळलं. बुद्धरत्नला त्यांनी घरातल्या नर्मदेच्या नळाला लांब ट्यूब जोडून भिंतीबाहेर काढायला सांगितलं. नर्मदा येईल तेव्हा आधी गल्लीने भरायचं, मग आपण. मग पदर खोचून त्या बिननळाच्या घरांकडे निघाल्या. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत आपल्या बोरिंगचं पाणी धुण्याभांड्यालाच वापरा, असं त्यांनी घरोघरी स्वतः सांगितलं. एकीने टोमणा मारला की पोहे खाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच पाणी बदललं का. काकू म्हणाल्या, "पोहे पण त्याच पाण्यात भिजवले होते, बाई," आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

दुसरा रिपोर्ट सोमवारी आला. टीडीएस: १०१२. क्रोमियम: लिटरमागे ०.०९ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा: ०.०५.