कुणी न मागता वितळलेली चरबी

मित्रांनो, माझे वय नऊ वर्षे. तुमच्यात मी लहान ठरेन, पण आमच्यात मी म्हातारी आहे. मी चरबीची एक पेशी. दुसरबीड गावात रस्त्याकडेला पिठाची गिरणी चालवणाऱ्या जनकाबाईंच्या पोटावर, कातडीच्या आत माझे घर आहे.

माझे काम साधे. माझ्यात तेलाचा एक थेंब असतो. बाईंचे जेवण झाले की रक्तातून इन्सुलिन येते आणि सांगते, साठव. उपास असला किंवा बाईंनी ज्वारीची पोती उचलली की दुसरा निरोप येतो, थोडे सोड. मग मी थेंबातले थोडे फोडून रक्तात सोडते. थेंबाभोवती एक पातळ वेष्टन आहे. ते पहारेकरी. निरोपाशिवाय ते कुणाला आत हात घालू देत नाही. लोक आम्हाला नावे ठेवतात, पण एकादशीला बाई दिवसभर गिरणीत उभ्या राहत, त्या आमच्याच जोरावर.

पुढे आम्ही फार फुगलो. दाटीत श्वास मिळेना. काही मैत्रिणी मेल्या. त्यांच्याभोवती रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा झाल्या आणि दाह सुरू झाला. जखमेभोवतीची जागा लाल आणि गरम होते ना, तोच हा दाह. जखमेत तो जंतूंशी लढतो. आमच्यात मात्र तो नुसताच धुमसत राहिला. इन्सुलिनचे बोलणे मला कमी ऐकू येऊ लागले. बाईंना साखरेचा आजार जडला, गोळ्या सुरू झाल्या, तळपाय बधिर झाले.

मागच्या हिवाळ्यात जे घडले, त्याने मी आजही हादरते. एका सकाळी रक्तातून दाहाचे निरोप लोंढ्याने आले. माझे वेष्टन विरू लागले. थेंब आपोआप फुटून वाहू लागला. उपास नव्हता, मेहनत नव्हती, कुणी काही मागितले नव्हते! इन्सुलिन सांगत असावे, थांब, थांब. मला ते ऐकूच येत नव्हते. शेजारच्या हजारो पेशींचीही हीच गत.

याहून मोठा धक्का पुढे होता. बाई झपाट्याने वाळल्या आणि लोक त्यांचे कौतुक करू लागले!

शेजारच्या बेबीताई दळण घेऊन आल्या. म्हणाल्या, "जनकाबाई, लय बारीक झाल्या बाई तुमी! काय करून राह्यल्या?"

"काई नाई व. दिवसभर उभी राह्यते ना," बाई लाजून हसल्या. पोलके सैल झाल्याचेही त्यांनी दाखवले. त्याच दिवशी त्यांनी गोळ्या डब्यात घालून फळीवर ठेवून दिल्या. सून प्राचीने विचारले तर म्हणाल्या, "आता कायले गोळ्या? चरबी झडली, मंग बिमारीबी झडली."

नाही हो बाई, मला ओरडावेसे वाटले. पण आम्हाला तोंड कुठे?

चार दिवसांत बाईंची तहान भागेना. पाचव्या दिवशी दुपारी त्यांना उलट्या झाल्या. श्वास खोल आणि भराभर चालू लागला. त्यांना आडवे करताना प्राची दचकली.

"आई, तुमच्या तोंडाले पिकल्या फळावानी वास काऊन येऊन राह्यला?"

प्राची पाय चोळायला बसली आणि किंचाळली. उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता. भोवती पू झाला होता. अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते.

"आई! हे काय? तुमाले दुखलं नाही?"

बाईंनी कसेबसे डोळे उघडले. "काय दुखलं?"

प्राचीने त्याच घटकेला जीप बोलावली आणि त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि प्राचीला बाजूला घेतले. "पाय सडत होता, म्हणून अंगभर दाह भडकला. त्यात गोळ्या बंद. चरबी बेसुमार फुटली आणि लिव्हरमध्ये तिचं आम्ल झालं. तोंडाला फळासारखा वास येतोय तो त्याचाच. हे बारीक होणं नव्हतं, हे जळणं होतं."

प्राची म्हणाली, "आमी तं खूश होऊन राह्यलो होतो, मॅडम."

सलाईन लागले, इन्सुलिन सुरू झाले. यावेळी त्याचा निरोप इतका जोरात आला की माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू आला. पायातला पू काढला तसा दाहाचा लोंढाही ओसरला. तिसऱ्या दिवशी माझे वेष्टन पुन्हा जुळले. बाई वाचल्या. ते बोट मात्र गेले.

मित्रांनो, कुणी काही न करता वाळू लागले तर टाळ्या वाजवू नका, आधी तपासायला न्या. साखरेचा आजार असलेल्या आपल्या माणसाचे तळपाय रोज बघा. त्याला दुखत नाही, म्हणून तुम्ही बघायचे.

प्राची आता रोज सकाळी बाईंचे पाय मांडीवर घेते. सुरुवातीला बाई पाय ओढून घेत. सुनेने पाय हातात धरून बसावे, याची त्यांना लाज वाटे. या सोमवारी प्राचीचा अंगठा टाचेवर थबकला. तिथे भेग पडली होती.

बाईंनी पाय ओढला नाही. हलक्या आवाजात विचारले, "खोल हाय का व?"

"नाही आई, वरचीच हाय. मलम लावते."

बाईंनी दुसरा पाय आपणहून पुढे केला.