गोणीच्या सुतळीने शिवलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी, तेलकट आणि चौदा तुकड्यांची. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. माझी कीव करायला बसला असाल, तर आत्ताच उठा.

माझं नाव 'सुळक्यावरची घंटा'. तीन भावंडं डोंगरात हरवलेल्या वडिलांना शोधायला निघतात, अशी माझी गोष्ट आहे. वाटेत गुहा आहे, वाघ आहे, ऐन वेळी तुटणारा दोर आहे. छापखान्यातून आले तेव्हा माझ्या मुखपृष्ठावरचा डोंगर हिरवागार होता. पंचवटीतल्या एका शाळेने मला घेतलं, पहिल्या पानावर गोल शिक्का मारला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बावीस वर्षं! का, तर मुलं फाडतील. पाहुणे आले की मुख्याध्यापक कपाटाकडे बोट दाखवून सांगायचे, "हे आमचं ग्रंथालय." पाहुणे मान डोलवायचे. मला मात्र असा संताप यायचा! पोटात वाघ घेऊन मी बसले होते आणि मला कसर खात होती.

गेल्या जूनमध्ये छाया मॅडम सातवीला मराठी शिकवायला आल्या. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि मला थेट वर्गात नेलं. पहिलं पान वाचून होतंय तोच गोरक्षने हात वर केला.

"मॅडम, हे परीक्षेला हाय का?"

"नाही."

"मग प्रश्नोत्तरं नाय लिहायची?"

"नाही रे बाबा. ऐक नुसतं."

वर्गाचा विश्वासच बसेना. प्रश्नोत्तरं नाहीत म्हणजे मॅडमचं काहीतरी चुकतंय, असंच सगळ्यांना वाटलं.

पण मी एक आणि मुलं अडतीस. मॅडमनी वाचायचं आणि मागच्या बाकांनी जांभया द्यायच्या, हे त्यांना नको होतं. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ब्लेडने माझी पाठ उसवली. खरं सांगते, मी फार घाबरले. बावीस वर्षं ज्याच्या भीतीने मला कोंडलं, ते एका शिक्षिकेनेच केलं होतं! चौदा प्रकरणांचे चौदा भाग झाले. दोघातिघांत एक भाग. आपला भाग वाचायचा आणि पाळी आली की वर्गाला सांगायचा. एकाने टाळाटाळ केली की सगळ्यांची गोष्ट अडायची, त्यामुळे मॅडमना कुणाला रागवावं लागलं नाही. ते काम वर्गच करायचा.

पानं सुटू नयेत म्हणून शिवण घालायची होती. गोरक्षचे वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या शिवतात. त्याने घरून दाभण आणि सुतळी आणली आणि मोठ्या ऐटीत कामाला लागला. चौदाव्या प्रकरणाची पाठ शिवली आणि हाताच्या सवयीने समोरची बाजूही शिवून टाकली, भरलेल्या गोणीचं तोंड शिवतात तशी! वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मॅडम कात्री घेणार, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"मॅडम, राहू द्या ना असंच. शेवट कुणालाच आधी कळणार नाही."

ती अफरीन होती. वर्गात कधीच मोठ्याने वाचायची नाही. पाचवीत एकदा अडखळली, मुलं हसली, तेव्हापासून बंदच. शेवटचं प्रकरण कुणी उघडायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर नेमकं तिचंच नाव निघालं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती एकेक भाग घरी नेऊन अम्मीला मोठ्याने वाचून दाखवू लागली. शिवलेला भाग तिच्या दप्तरातच असायचा.

माझ्या आयुष्यातले ते खरे दिवस. सहाव्या प्रकरणावर चिवड्याचं तेल सांडलं. वाघाच्या पानाचा कोपरा तर इतक्या बोटांनी उलटला की झिजून गेला. मला त्याचा अभिमान आहे.

तेरा प्रकरणं झाली. चौदावं शनिवारी उघडायचं होतं. शुक्रवारीच मुख्याध्यापक सर रजिस्टर घेऊन वर्गात आले. सोमवारी ग्रंथालयाची तपासणी होती. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'फाटके, रद्दीत द्यावे.' त्यांनी तेरा भाग गोळा केले आणि अफरीनपुढे हात केला.

तिने तो भाग छातीशी धरला. "नाही देणार सर."

छाया मॅडम पुढे झाल्या, पण सरांनी हातानेच थांबवलं. "अगं, फाटकं पुस्तक आहे ते."

"फाटलेलं नाही, सर. शिवलंय. आणि माझं वाचायचं राहिलंय."

सरांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

अफरीनने सुतळी कापली. पहिल्याच ओळीला ती अडखळली. कुणी हसलं नाही. दुसरी ओळ नीट गेली. माझ्या शेवटी धाकटी बहीण एकटीच सुळक्यावर चढते आणि घंटा वाजवते, ती ऐकून वडील वाट शोधत येतात. तिथपर्यंत पोचताना अफरीनचा आवाज शेजारच्या सहावीच्या वर्गापर्यंत गेला असेल. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. सरही जागचे हलले नाहीत.

"पण ही धाकटी एकटीच का गेली वर?" सरांनी विचारलं.

"तेराव्यात आहे सर!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि वडील हरवले कसे?"

"सर, पयल्यापासून वाचावं लागंल," गोरक्ष म्हणाला. "आमाला बी लागलं."

सरांनी बारा भाग टेबलावर ठेवले. रजिस्टरातली ओळ खोडून तिथे 'वाचनात' असं लिहिलं आणि पहिला भाग काखेत घालून गेले. बावीस वर्षं माझी किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा वाचायला हातात घेतलं!

मित्रांनो, पुस्तकं जरूर जपा. पण कुलपात घालून जपणार असाल, तर त्यापेक्षा ब्लेड बरं. माझ्यावर तेल सांडा, माझे कोपरे झिजवा, तुटले तर शिवा. मी काही बोलणार नाही.

पहिला भाग अजून सरांकडेच आहे. अफरीन रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या दारात उभी राहते आणि खणखणीत आवाजात विचारते, "सर, झालं का वाचून? सहावीची मुलं थांबलीत."