पन्नासच्या पन्नास हजार

शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला वहीतली सगळ्यात वरची ओळ करडी झाली.

वही म्हणजे कागदाची वही नव्हे. तो संगणकाचा पडदा होता, पण त्या कचेरीत जुन्या सवयीने त्याला वहीच म्हणत आणि ती सांभाळणाऱ्या बाईला वहीवाली. एखादी कंपनी आपले शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढते, तेव्हा कोणी किती मागितले, कोणत्या भावाने मागितले, ते ओळीओळीने लिहायचं हे तिचं काम. उभी मागणी काळ्या अक्षरात, मागे घेतलेली करड्या. सोळा वर्षांत तिने पुष्कळ ओळी करड्या होताना पाहिल्या होत्या, पण त्या खालच्या, किरकोळ. ही एका मोठ्या फंडाची होती, ऐंशी लाख शेअरची.

कंपनी गाद्या-उशा करणारी. मालकाने खूश होऊन प्रत्येक टेबलाला एकेक उशी पाठवली होती. वहीवालीने ती कंबरेमागे घेतली होती, आणि पाच दिवस तिला त्या उशीचा मोठा आधार वाटला होता. भाव ऐंशी ते शंभरच्या मधे ठरायचा होता. विकायचे होते एक कोटी शेअर आणि वर्तमानपत्रात मथळा होता, ‘बारापट मागणी’.

आता हे बारापट म्हणजे काय, ते ऐकून घ्या. या धंद्यात खरा आकडा कोणी सांगत नाही, आणि सांगत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आठ लाख हवे असणारा ऐंशी लाख मागतो, कारण वाटताना आपल्याला कात्री लागणार हे तो धरून चालतो. वाटणारेही कात्री लावतात, कारण यांनी फुगवून मागितलंय हे ते धरून चालतात. अशा एकमेकांना फसवणाऱ्या सभ्य माणसांच्या बेरजेला बारापट म्हणतात. आणि छापून येतं ते खरं मानून रांगेत उभी राहतात छोटी माणसं. त्यांच्यासाठी सहा लाख शेअर राखून ठेवले होते. त्यांनी आजवर साठ लाख मागितले होते.

त्या साठ लाखांत पन्नास हजार तिच्या सख्ख्या भावाचे होते.

दादाचं चष्म्याचं दुकान कचेरीपासून दोन रस्ते सोडून होतं. बावीस वर्षं भाड्याच्या जागेत तो काचा घासत होता, आणि वहिनी काउंटरवर बसून लोकांच्या नाकाची मापं घेत होती. जागेच्या मालकाने आता जागा विकायला काढली होती. महिन्याच्या आत बयाणा, नाहीतर गाशा गुंडाळा. बयाण्याला सहा लाख लागणार होते, आणि दोघांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले होते पाच.

आणि युक्ती शिकवली होती कोणी? हिनेच. दोन वर्षांपूर्वी दादाकडे जेवताना, पानावर बसल्या बसल्या, धंद्यातली गंमत म्हणून तिने सांगितलं होतं, की एक हवा असेल तर दहा मागायचे. दादाने ते गाठीला बांधलं. मागच्या वर्षी एका कंपनीचे त्याने दहापट मागितले. त्याचा दलाल अर्जापुरते पैसे चार दिवस उसने देत असे. मिळाला दहावा हिस्सा, उसने पैसे न वापरताच परत गेले, आणि शेअर पहिल्याच दिवशी दुप्पट झाला. या वेळी त्याने पाच लाख दलालाकडे ठेवून पन्नास लाखांचा अर्ज भरला होता. मिळतील पाच हजार शेअर, असं त्याचं गणित. हे गणित त्याने बहिणीला रविवारी सांगितलं, आणि बहीण मूग गिळून बसली होती, कारण तेव्हा वही काळीभोर होती.

बारा वाजता आणखी दोन ओळी करड्या झाल्या.

मुख्य साहेबांना सगळे पाठीमागे मखमल म्हणत. आवाज इतका मऊ, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. आणि गोष्ट जितकी वाईट, तितका आवाज खाली. ते वहीवालीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“किती उरले?”

“मोठ्यांचे सव्वानऊ कोटी. पण साहेब, यातले खरे कितीसे असतील?”

“गादीवाल्या मालकांना मी कालच म्हटलं, पंच्याऐंशी ठेवू. ते म्हणतात शंभर म्हणजे शंभर.” मखमलनी घड्याळ पाहिलं. “साडेतीनला पेन्शन फंड येईल. तो आला की बाकीचे जागेवर येतात.”

आणखी वाकून ऐकावं लागलं, म्हणून तिला कळलं की पेन्शन फंडाचा त्यांनाही भरवसा नाही.

नियम असा होता, की छोट्या माणसाला आपला अर्ज चार वाजेपर्यंत मागे घेता येत असे. मोठ्यांना वाटप होईपर्यंत. असं का, हे तिने नवीन असताना एकदा विचारलं होतं. मोठे नाराज झाले तर पुढच्या वेळी येत नाहीत, असं उत्तर मिळालं होतं. छोटे नेहमी येतातच.

तीन वाजता वहीतली मोठ्यांची पानं राखेच्या रंगाची झाली. तिने मनात हिशेब केला, आणि तो काही अवघड नव्हता. मोठ्यांनी सोडलेला हिस्सा नियमाप्रमाणे छोट्यांकडे वळतो. म्हणजे छोट्यांना कात्री लागणारच नाही. ज्याने जितके मागितले, तितके त्याच्या गळ्यात. आणि एकदा सगळ्यांना सगळंच मिळालं, की बाजार उघडल्यावर आणखी घ्यायला धावणारं कोण उरतं? उरतात ते उसन्या पैशांवर घेतलेले, ज्यांना त्याच दिवशी विकावं लागतं. भाव शंभराचा नव्वद झाला, की दादाचे पाच लाख गेले. नव्वदच्या खाली दुकानातल्या काचा, यंत्र, वहिनीचं होतं नव्हतं ते सगळं.

ती उठली. फोन दाराशी जमा करायची पद्धत होती, तो परत घ्यायचा, जिना उतरायचा, दोन रस्ते चालायचे. दहा मिनिटं पुरली असती. दादाच्या समोर उभं राहून ‘मागे घे’ एवढे दोन शब्द बोलायचे होते.

लिफ्टपाशी मखमल उभे होते.

“बाहेर?”

“डोकं दुखतंय. गोळी आणते.”

“आणा.” ते लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाले, “तुमच्या घरचं कोणी नाही ना यात?”

आपलं माणूस यात असेल तर पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं असतं, आणि वहीपासून दूर व्हायचं असतं. रविवारी कळल्यावर सोमवारी तिने ते दिलं नव्हतं. एवढं मोठं काम हातचं जाईल, बक्षिसी जाईल, म्हणून. आता ती नुसती घाबरली होती.

“नाही,” ती म्हणाली.

“बरं झालं. गेल्या वर्षी हिशेबातल्या त्या माणसाने मेव्हण्याला एक शब्द सांगितला. अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. मेव्हणा वाचला, हा मात्र गेला.” शेवटचे शब्द तिला जवळजवळ ओठांवरूनच वाचावे लागले.

लिफ्ट आली, उघडली आणि रिकामीच परत गेली. वहीवाली आपल्या खुर्चीवर येऊन बसली. स्वतःला तिने समजावलं, की साडेतीनला पेन्शन फंड येतोय. तो आला तर सगळं ठीक होईल, मग कशाला उगाच आग लावायची. भित्र्या माणसाला कारण मिळायला वेळ लागत नाही.

पेन्शन फंड आला. बरोबर साडेतीनला आला, पन्नास लाख मागितले, आणि भाव लिहिला ऐंशी. शंभराला एकही नको.

तीन चाळीसला टेबलावरचा फोन वाजला. या फोनवरचा शब्दन्‌शब्द कुठेतरी साठवला जातो, हे कचेरीतल्या मांजरालाही माहीत होतं.

“चिंगे, मी.” जगात तिला चिंगी म्हणणारी आता दादा आणि वहिनी एवढीच उरली होती. “काही विचारत नाही हं, घाबरू नकोस. गिऱ्हाईक म्हणत होतं, मोठे लोक मागे सरतायत अशी कुजबुज आहे. माझा अर्ज ठेवू ना?”

मखमल समोरच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“मला त्यातलं काही सांगता येत नाही, दादा.”

“अगं, तेच तर. मागच्या वेळीसुद्धा तू अगदी हेच म्हणाली होतीस, याच सुरात, आणि दुप्पट झाला.” तो मोकळेपणी हसला. “वहिनी म्हणाली, काही वाईट असतं तर चिंगी गप्प बसली नसती. तिचा तुझ्यावर फार जीव आहे. ठेवतो मग.”

“दादा...”

“हो, हो, कळलं. गिऱ्हाईक उभं आहे.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. घड्याळात तीन बेचाळीस झाले होते. ती अठरा मिनिटं तिने बसून काढली. हात मांडीवर ठेवून, मागे उशी घेऊन, ती घड्याळाकडे बघत होती. आपण आपल्या भावाला बुडवतो आहोत हे तिला लख्ख कळत होतं, आणि उठवत नव्हतं.

चार वाजता छोट्यांची यादी बंद झाली. मखमलनी दोन आकडे विचारले. शंभराला मोठ्यांचे चाळीस लाख उभे होते. छोट्यांचे साठ.

“म्हणजे एक कोटीला एक कोटी,” ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. “छोट्यांनी तारलं आपल्याला. भाव शंभर.”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गादीवाल्या मालकांचा फोन आला. कचेरीची दलाली शंभराच्या भावाने निघणार होती, त्यामुळे सगळे खुशीत होते. वाटपाचा तक्ता भरायला वहीवालीच बसली. छोट्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे मागितले तितकेच दिले असं लिहीत ती खाली गेली. भावाच्या नावाशी हात थांबला. एक शून्य कमी लिहिलं असतं तर तो वाचला असता. पण बेरीज जुळली नसती, आणि जुळली का नाही हे पहिलं तिलाच विचारलं असतं. तिने शून्यं मोजून लिहिली, चारच्या चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. मागे दुकानाची घंटी, वहिनीचं हसणं ऐकू येत होतं.

“चिंगे, पन्नासच्या पन्नास हजार! मागच्या वेळी दहातला एक, आणि या वेळी दहाच्या दहा! दलालसुद्धा म्हणाला, असं नशीब पाहिलं नाही. वहिनीला विश्वासच बसेना, तीनदा वाचायला लावलं. थांब, तिला देतो.”

“चिंगे, तुझे उपकार कसे फेडू गं?” वहिनीचा आवाज भरून आला होता. “जागा आपली झाली. हे म्हणतायत, दुकानाच्या पाटीवर तुझंही नाव घालू.”

फोन परत दादाकडे गेला होता.

“एवढंच सांग, परवा बाजार उघडल्यावर किती वर जाईल? अंदाजाने. मी कोणाला बोलणार नाही.”

मखमल त्यांच्या खोलीत पाठ करून उभे होते. बोलणं साठवलं जातंय हे सांगणारा फोनवरचा लाल दिवा लुकलुकत होता.

“मला त्यातलं काही सांगता येत नाही, दादा.”

“बस,” दादा समाधानाने म्हणाला. “हेच ऐकायचं होतं.”

आणि त्याने घाईने फोन ठेवला, कारण त्याला जागेच्या मालकाला कळवायचं होतं, की जागा आम्ही घेतली.